खेळ चालवणाऱ्यांना खुलं पत्र: गॅलरीला विचारल्याशिवाय ठरवू नका

प्रति,
क्रीडा महासंघांचे पदाधिकारी, लीगचे संचालक आणि संघमालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बैठकांमध्ये आमचा उल्लेख होतो तो आकड्यांत. किती तिकिटं गेली, किती जणांनी सामना पडद्यावर पाहिला, किती जर्सी खपल्या, ॲपवर माणूस सरासरी किती मिनिटं थांबला. हे आकडे खोटे नाहीत, आणि खेळ चालवायला पैसा लागतो हे मला पूर्ण मान्य आहे. पण एखाद्या संघाचा चाहता असणं म्हणजे काय, त्यातून समाजाला काय मिळतं आणि ते नातं तुटलं तर काय हरवतं, हे त्या आकड्यांत उमटत नाही. ते समजून न घेता तुम्ही संघाचं नाव बदलता, मैदान विकता, सामन्यांच्या वेळा फिरवता. मग चाहते चिडले की त्यांना भावनिक म्हणून बाजूला सारता. म्हणून हे पत्र.

१९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांमध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण जास्त असायचं. जिंकला नाही, की कमी. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात उभं राहावंसं माणसाला वाटतंच. तुमचे विपणन विभाग याच हौसेवर काम करतात. विजेतेपदानंतर खास जर्सी लगोलग विक्रीला येते ती त्यामुळे.

पण चाहतेपणाचा हा निम्माच भाग झाला, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचा. हरल्यानंतरच्या सोमवारीही तीच जर्सी घालून जो येतो, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

शिकागो कब्ज हा बेसबॉलचा संघ १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि त्यानंतर थेट २०१६ मध्ये. मध्ये १०८ वर्षं गेली. या काळात माणसं जन्मली, त्यांनी आयुष्यभर या संघाची वाट पाहिली आणि विजय न बघता ती गेली. निर्णायक सामना दुसऱ्या शहरात झाला होता. तो जिंकल्यावर लोक शिकागोतल्या घरच्या मैदानाच्या, रिगली फील्डच्या, विटांच्या भिंतींपाशी जमले आणि त्यांनी खडूनं नावं लिहिली. वडिलांची, आजीची, मामाची, हा दिवस पाहायला जी माणसं उरली नव्हती त्यांची. बघता बघता भिंती भरून गेल्या. कुठल्या विपणन विभागानं आखलेला तो कार्यक्रम नव्हता. एका कुटुंबातल्या तीन-चार पिढ्यांना बांधून ठेवणारा धागा तिथे उघड दिसला. हा धागा किती रुपयांचा, किती डॉलरचा, हे तुमच्या ताळेबंदात कुठे लिहायचं ते मला माहीत नाही. पण तो आहे, आणि खेळाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

आज आपण जवळजवळ प्रत्येक गोष्ट नफ्या-तोट्यानं मोजायला शिकलो आहोत. जास्त पगार मिळाला की नोकरी बदलतो, चांगली सवलत दिसली की दुकान बदलतो. तसं करण्यात गैर काही नाही. पण संघ कोणी बदलत नाही. शेवटच्या क्रमांकावर घसरलेल्या संघासाठी माणूस पावसात भिजत उभा राहतो, त्याला त्यातून काहीही मिळणार नसतं आणि हे त्याला ठाऊक असतं. फायद्याशिवाय टिकून राहायचा सराव करायला मोठ्या माणसांना समाजात फार थोड्या जागा उरल्या आहेत. गॅलरी ही त्यातली एक आहे.

दुसरं असं, की मोठ्या शहरांत शेजारच्या दारामागे कोण राहतं हेही अनेकदा माहीत नसतं. कामासाठी, शिक्षणासाठी, कधी जीव वाचवण्यासाठी माणसं आपली गावं आणि देश सोडून परक्या ठिकाणी जातात. अशा ठिकाणी जर्सीचा रंग पाहून अनोळखी माणूस आपणहून बोलायला येतो. शिक्षण, धंदा, भाषा, वय यातलं काहीही सारखं नसताना दोघं तासभर एका बदलीच्या खेळाडूवर वाद घालू शकतात. घरांतही हेच घडतं. मुलं मोठी झाली, दूर गेली, आईवडिलांशी बोलायचे विषय आटले, तरी सामन्यानंतरचा फोन सुटत नाही. पंचाच्या चुकीच्या निर्णयावर बोलता बोलता मध्येच कोणी विचारतं, गुडघा कसा आहे, गोळ्या वेळेवर घेतोस ना. ज्या पुरुषांना मनातलं थेट बोलायला कुणी शिकवलंच नाही, त्यांच्या मैत्रीचा केवढा भार या गप्पांनी उचललेला असतो! मानसशास्त्रज्ञ डॅनियल वॅन यांनी संघाशी असलेली जवळीक आणि मानसिक स्वास्थ्य यांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. आपल्या भागातल्या संघाशी घट्ट जोडलेल्या लोकांमध्ये एकटेपणा कमी आढळतो, आणि हा संबंध संघाच्या जिंकण्या-हरण्यावर फारसा अवलंबून नसतो, असं त्यांना दिसलं. जोडलेपण महत्त्वाचं ठरतं, गुणतक्ता नव्हे.

गॅलरी रिकामी असली की काय होतं हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. १६ मे २०२० रोजी जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलिगा कोविडच्या महासाथीत थांबल्यावर पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये. खेळाडू तेच, नियम तेच. तरी पुढे प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित आरोळ्या मिसळण्यात आल्या. बोरुसिया म्योनशेनग्लाडबाखच्या मैदानावर चाहत्यांची पुठ्ठ्यावर छापलेली छायाचित्रं खुर्च्यांवर बसवली गेली. त्या काळातल्या युरोपीय लीगचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना आढळलं, की यजमान संघाला घरच्या मैदानाचा मिळणारा फायदा घटला होता आणि पाहुण्या संघाला जास्त कार्डं दाखवण्याचा पंचांचा कलही कमी झाला होता. म्हणजे गॅलरीचा आवाज पंचाच्या शिट्टीपर्यंत पोचतो. सामना घडवण्यात आमचा वाटा असतो. प्रक्षेपणाचे हक्क विकताना तुम्ही ती भरलेली, गर्जणारी गॅलरीही विकत असता. त्याचं मानधन आम्हाला नको आहे. पण ज्यांच्याशिवाय तुमचा माल अर्धवट राहतो, त्यांना निर्णयाच्या टेबलावर जागा नाही, हे मला पटत नाही.

संघ कागदोपत्री तुमचे आहेत. त्या कागदाला किती अर्थ आहे, हे सांगणाऱ्या काही घटना मी तुमच्यापुढे ठेवते.

२८ मार्च १९८४ च्या रात्री बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकी फुटबॉल संघाचं सामान ट्रकांमध्ये भरलं गेलं आणि उजाडेपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला होता. मालकानं तसं ठरवलं होतं. संघाचा बँड मात्र मागे राहिला. वादकांचे गणवेश त्या वेळी धुलाईला दिलेले होते म्हणून वाचले. पुढची बारा वर्षं हा बँड संघाशिवाय वाजत राहिला, मिरवणुकांत, इतर संघांच्या सामन्यांत, आणि नव्या स्टेडियमसाठी पैसा मंजूर व्हावा म्हणून राज्याच्या विधिमंडळासमोरही. १९९६ मध्ये बाल्टिमोरला पुन्हा संघ मिळाला, पण तो क्लीव्हलँडमधून उचलून आणलेला होता. एका शहराची जखम भरली ती दुसऱ्या शहराला जखम करून. क्लीव्हलँडच्या लोकांनी ते मुकाट्यानं सोसलं नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तडजोडीत ठरलं की मालक खेळाडू घेऊन जाऊ शकतो, पण ब्राउन्स हे नाव, संघाचे रंग आणि संघाचा इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहील. १९९९ मध्ये त्याच नावानं संघ पुन्हा मैदानात उतरला. या तडजोडीचा तुम्ही नीट विचार करावा असं मला वाटतं. संघात मालकाला विकता न येणारं काहीतरी असतं, हे तिथे लेखी मान्य झालं.

विम्बल्डनची गोष्ट याहून पुढची आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांच्या एका आयोगानं लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला जवळजवळ ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला जायला परवानगी दिली. चाहत्यांनी नव्यानं क्लब काढणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निर्णयात म्हटलेलं होतं. चाहत्यांनी काही आठवड्यांतच नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली तेव्हा २३० खेळाडू आले. इंग्लंडच्या फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात करून, नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून एएफसी विम्बल्डन २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये परतला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो आपल्या जुन्या परिसरात, प्लाऊ लेनवर, नव्या स्टेडियममध्ये खेळू लागला. ज्यांनी वर्गणी काढून, कर्जरोखे घेऊन ते स्टेडियम उभं केलं, त्यांना पहिल्या सामन्याला आत जाता आलं नाही, कारण महासाथीचे निर्बंध होते. तेवढं दुःख वगळलं तर त्या आयोगाला मिळालेलं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

कार्डिफ सिटीच्या मालकानं २०१२ मध्ये निळ्या संघाला लाल जर्सी घातली. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला. इंग्लंडमधल्या बरी या क्लबचा शेवट मात्र असा गोड झाला नाही. १८८५ पासूनचा हा क्लब आर्थिक बेशिस्तीत बुडाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला लीगमधून काढून टाकण्यात आलं. चुका मालकांच्या होत्या. शनिवारी दुपारी कुठे जायचं हा प्रश्न मात्र सबंध गावाला पडला.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की चाहत्यांचं ऐकत बसलो तर धंदा बुडेल. इतिहास तसं सांगत नाही. ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकी फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, शेअरची किंमत वाढत नाही, आणि तरी शेअर विक्रीला आले की लोक घेतात. लाखभर वस्तीच्या गावातला हा संघ महानगरांच्या संघांना हरवत आला आहे. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की, थोडे अपवाद सोडता, क्लबमधली बहुसंख्य मतं सदस्यांच्या हाती राहिली पाहिजेत. तिथल्या लीगनं डिसेंबर २०२३ मध्ये प्रक्षेपण उत्पन्नाचा हिस्सा गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. लिव्हरपूलमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ च्या सामन्यात सुमारे दहा हजार लोक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. संघ दोन गोलांनी पुढे होता. सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दर गोठवले. आणि सुपर लीग तर तुम्ही विसरला नसाल. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी बंदिस्त लीगची घोषणा केली, आणि २० एप्रिलच्या रात्रीपर्यंत त्यातल्या सहाही इंग्लिश क्लबांनी माघार जाहीर केली होती. हे सगळे लढे टाळता आले असते. आधी विचारलं असतं तर.

आता ज्या गोष्टीमुळे तुम्ही आम्हाला दूर ठेवता, तिच्याकडे येते. चाहत्यांची हिंसा खरी आहे, आणि ती जुनीही आहे. इसवी सन ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथशर्यतींच्या निळ्या आणि हिरव्या गटांच्या चाहत्यांनी बंड केलं, शहर जाळलं. सम्राटाच्या सैन्यानं शर्यतीच्या मैदानात केलेल्या कत्तलीत तीस हजारांवर माणसं मेल्याचं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी समोरच्या प्रेक्षकांवर केलेल्या चढाईमुळे ३९ जण मेले, त्यातले बहुतेक इटालियन. १९९४ च्या विश्वचषकात स्वगोल झालेला कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार दहा दिवसांनी मायदेशी गोळ्या घालून मारला गेला. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय तरुण खेळाडूंवर रात्रीतून वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून लक्ष्य केलं गेलं. हे करणारे खरे चाहते नव्हेत, असं म्हणून हात झटकायचा मार्ग मला मान्य नाही. त्यातले कितीतरी जण आमच्याच रांगेत बसतात. जोडलेपण जिथून येतं, तिथूनच द्वेषही येऊ शकतो.

पण तो कुठल्या दिशेनं जाईल हे ठरवता येतं. इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांकडून आधी आपल्या संघाबद्दलच्या प्रेमावर लिहून घेतलं. मग वाटेत एक माणूस पाय घसरून पडतो, कळवळतो. त्याच्या अंगात युनायटेडची जर्सी असेल तर बहुतेक जण मदतीला धावले. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची जर्सी किंवा साधा सदरा असेल तर फार थोडे. दुसऱ्या वेळी मात्र त्याच क्लबच्या चाहत्यांना फुटबॉलचे चाहते म्हणून स्वतःबद्दल, या खेळाच्या प्रेमाबद्दल लिहायला सांगितलं. आता लिव्हरपूलची जर्सी घातलेल्या माणसालाही ते तितक्याच तत्परतेनं उचलायला गेले. माणसं तशीच, वैर तेच, आधी त्यांच्यासमोर काय ठेवलं गेलं तेवढं बदललं. (साध्या सदऱ्यातल्या माणसाला मात्र दोन्ही वेळा मदत कमीच मिळाली. ही मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.)

म्हणून माझा प्रश्न आहे की तुम्ही आमच्यासमोर काय ठेवता. सामन्याच्या जाहिरातीत सूड, युद्ध, बदला, शत्रू हे शब्द कोण लिहितं? दोन देशांच्या सामन्याआधी आठवडाभर पडद्यावर आग आणि तोफा कोण दाखवतं? त्या भाषेनं प्रेक्षकसंख्या वाढत असेल, पण तिची किंमत पुढे एखादा खेळाडू आणि त्याचं कुटुंब मोजतं. ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला. सचिन तेंडुलकरनं १३६ धावा केल्या होत्या, विजय हाताशी आला होता, सगळं स्टेडियम सुन्न झालं. आणि मग ते सगळं स्टेडियम उभं राहिलं, पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवू लागलं, आणि त्या संघानं मैदानाला विजयफेरी मारली. हेही चाहतेच होते. त्यांना खेळ कळत होता. अशा क्षणांची आठवण तुमच्या जाहिरातींमध्ये मी क्वचितच पाहिली आहे.

आम्हाला धोका मानण्याचा परिणाम काय होतो, हे सांगताना माझा हात जड होतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते जाळीच्या कुंपणांत चिरडले गेले. ती कुंपणं उभारली होती कारण चाहता म्हणजे दंगेखोर हे आधीच ठरलेलं होतं. पोलिसांनी गर्दी आवरण्यासाठी बाहेर जायचं दार उघडलं आणि लोंढा आधीच भरलेल्या कोंडवाड्यांत गेला. माणसं मरत असताना, बाहेर यायला धडपडणाऱ्यांकडे मैदानात घुसखोरी करणारे म्हणून पाहिलं गेलं. नंतर दोष चाहत्यांच्या दारूवर आणि बेशिस्तीवर टाकला गेला. पोलिसांच्या जबाबांतून पोलिसांविरुद्धचा मजकूर काढून टाकण्यात आला. हे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं उघड केलं. २०१६ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, ज्यूरीनं सांगितलं की त्या लोकांचा मृत्यू बेकायदेशीरपणे घडवला गेला आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता. मृतांचा आकडा आज ९७ आहे. सत्तावीस वर्षं आया आणि वडील कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, आणि त्या काळात त्यांना आधार दिला तो त्याच चाहत्यांच्या समुदायानं, ज्याला गुंडांची टोळी म्हटलं गेलं होतं.

आपण त्यातून शिकलो असं म्हणता येत नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या कांजुरुहान स्टेडियममध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे पळाले आणि १३५ जण मेले. स्टेडियममध्ये असा वायू वापरू नये असं फुटबॉलच्या जागतिक महासंघाचे, फिफाचे, सुरक्षा नियम सांगतात. पाहुण्या संघाच्या समर्थकांना त्या दिवशी प्रवेशच नव्हता; मेलेले प्रेक्षक घरच्या संघाचे होते. ४ जून २०२५ ला बंगळुरूमध्ये चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले. तिथे तर भांडायला समोर दुसरा संघही नव्हता, होता तो निव्वळ आनंद. लाखो लोकांना एका हाकेवर बोलावता येणं ही तुमची ताकद आहे. किती दारं, किती रुंद, किती माणसं, पाणी कुठे, पडलेल्याला बाहेर कसं काढायचं, याचं उत्तर तयार नसताना ती हाक देऊ नका.

आणि गॅलरीत कोण बसू शकतं हेही तुम्हीच ठरवता. इराणमध्ये क्रांतीनंतर दशकानुदशकं स्त्रियांना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जाऊ दिलं जात नव्हतं. पुरुषाच्या वेशात आत जायचा प्रयत्न केला म्हणून खटला झालेली सहर खोदायारी सप्टेंबर २०१९ मध्ये मरण पावली. तुरुंगवासाच्या भीतीनं तिनं न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं होतं. महिनाभरात, फिफाच्या दबावानंतर, हजारो स्त्रियांनी तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये कंबोडियाविरुद्धचा सामना पाहिला. जागतिक महासंघानं मनावर घेतल्यावर दार उघडलं, तर ते आधी का घेतलं नाही? इतर ठिकाणी दार बंद नसतं, पण स्वच्छतागृह नसतं, परतीची सोय नसते, गर्दीत हात लावणाऱ्याला कोणी अडवत नाही. निम्म्या समाजाला घरी बसवायला तेवढं पुरतं.

सट्टेबाजीच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात, पण ठामपणे सांगते. पैज लावलेला माणूस संघ पाहत नाही, पुढच्या चेंडूवर आपले पैसे पाहतो. झेल सुटला तर त्याला खेळाडूची कीव येत नाही, राग येतो, आणि तो राग रात्री त्या खेळाडूच्या खात्यावर ओतला जातो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या छातीवरून सट्टा कंपन्यांची नावं काढायचं मान्य केलं आहे. बाहीवरची आणि मैदानाकडेच्या फलकांवरची मात्र राहणार आहेत. ज्या जर्सी लहान मुलं घालतात त्यांच्यावर कुठेच ही नावं नकोत.

आमचं मागणं अवाजवी नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्यानं स्वतंत्र नियामक नेमला आहे; त्या कायद्यानुसार क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो, आणि मैदान विकायला नियामकाची परवानगी लागते. कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही, तुम्ही स्वतःच्या घटनेत हे उद्या लिहू शकता. नाव, रंग, चिन्ह आणि मैदान या चार गोष्टी चाहत्यांच्या मतदानाशिवाय बदलणार नाहीत असं लिहा. संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडलेला किमान एक प्रतिनिधी घ्या, आणि त्याला मत द्या. नुसती खुर्ची नको. सुरक्षेचा आराखडा सामन्याआधी सर्वांना वाचता येईल असा जाहीर करा. खेळाडूंवर विष ओकणाऱ्यांना प्रवेशबंदी कराल, तेव्हा आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहू. ती नावं आमच्या गटांमधून बाहेर काढायची जबाबदारी आम्ही घेतो.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आणि तिकिटांचे दर ठरवण्याआधी एक बैठक बोलवा, आणि तिची तारीख आधी जाहीर करा. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यानंतर लोक घरी कसे पोचणार, हा पहिला विषय ठेवा. कामाच्या दिवशी बोलावलंत तरी आम्ही रजा काढून येऊ.

आपली,
गॅलरीतली एक चाहती